मॉडेल ‘पान’, ‘माळ’, ‘हार’ यांचे अर्थ चुकवतंय? आधी हे तपासा

मराठी मजकुरावर न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं संगणकी मॉडेल) चालवणाऱ्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: शब्द ओळखला जातो, पण अर्थ चुकतो. तक्रारी वाचणारा चॅटबॉट असो, ग्रंथालयातला शोध असो की बातम्यांचं वर्गीकरण, दुखणं तेच. हा दोष मी इतक्या ठिकाणी दुरुस्त केलाय की तपासणीचा क्रम आता तोंडपाठ आहे. तोच इथे लिहितो. स्वस्त आणि सोपं आधी, खर्चिक शेवटी. मॉडेल नव्याने शिकवायचा विचार मनात आला असेल तर थोडं थांबा. मराठीत बहुतेक वेळा मजकूर नेटवर्कपर्यंत पोहोचण्याआधीच मोडलेला असतो, आणि मोडका मजकूर कितीही मोठ्या मॉडेलला दिला तरी त्यातून अर्थ परत येत नाही.

लक्षणं

- ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ शोधलं की समुद्राबद्दलचे लेख वर येतात.
- ‘उमेदवाराने हार स्वीकारला’ आणि ‘उमेदवाराने हार स्वीकारली’ ही दोन्ही वाक्यं एकाच गटात जातात. पहिल्यात गळ्यात फुलं पडली आहेत, दुसऱ्यात निवडणूक गेली आहे.
- ‘पोटात कळ येते’ आणि ‘पंपाची कळ दाबली’ यांतल्या ‘कळ’चे व्हेक्टर (शब्दाचा अर्थ मांडणाऱ्या आकड्यांच्या याद्या) तंतोतंत सारखे निघतात.
- कुठलीही दोन वाक्यं द्या, साम्याचा आकडा (१ म्हणजे अगदी सारखं) ०.९च्या आसपासच येतो.
- तेच वाक्य दोनदा चालवलं की उत्तर बदलतं.
- चाचणीत अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर, प्रत्यक्षात वापरणारे मात्र वैतागलेले.

यांतल्या प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे. एकाच प्रकल्पात तीन-चार मुळं एकत्र सापडणं हेही नेहमीचंच. म्हणून एक दोष सापडला की तिथेच न थांबता किमान चौथ्या तपासणीपर्यंत तरी जा.

पुढचं समजायला लागेल एवढी पार्श्वभूमी देतो. २०१३ साली आलेलं वर्ड-टू-व्हेक आणि त्यानंतरचं फास्टटेक्स्ट प्रत्येक शब्दाला एकच व्हेक्टर देतात, वाक्य कुठलंही असो. ऑक्टोबर २०१८मध्ये आलेल्या बर्ट या मॉडेलपासून चित्र बदललं. तिथे वाक्यातला प्रत्येक तुकडा बाकीच्या तुकड्यांकडे बघून थरागणिक, म्हणजे मॉडेलमधल्या एकेका पायरीवर, आपला व्हेक्टर बदलतो. बर्टच्या ‘बेस’ आवृत्तीत असे १२ थर आणि ७६८ आकड्यांचा व्हेक्टर असतो. ‘पान’ शेजारी ‘चुना’ आहे की ‘वही’, हे त्याला याच रस्त्याने कळतं. शेजारचा शब्द धड पोहोचला नाही तर कळायला काही उरत नाही.

१. टोकन छापा आणि डोळ्यांनी वाचा

पाच मिनिटांचं काम, पैसा शून्य. सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात. हे वाक्य घ्या:

‘पुणे ते पेण बस आहे, पण उशिरा.’

टोकनायझरमधून, म्हणजे मजकुराचे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या भागातून काढा, निघालेले तुकडे जोडून वाचा. ‘पण त पण बस आह, पण उशिरा’ असं काही दिसलं तर निदान झालं. पुणे, पेण आणि ‘पण’ हे उभयान्वयी अव्यय, तिन्ही एक झाले आहेत.

कारण असं. बर्टची ‘अनकेस्ड’ आवृत्ती मजकूर लोअरकेस (रोमनमधली लहान अक्षरं) करताना अक्षरांवरची चिन्हंही काढून टाकते. फ्रेंचमधल्या ई वरची तिरकी रेघ काढून साधा ई करणं हा त्यामागचा हेतू. पण यूनिकोड या संगणकी अक्षरांच्या प्रमाणित यादीच्या वर्गवारीत आपले उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे त्याच गटात बसतात, म्हणून तेही उडतात. काना, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि ओकार वेगळ्या गटात असल्यामुळे वाचतात. या अर्धवटपणामुळेच दोष लपून राहतो: ‘मराठी’, ‘पाणी’, ‘शाळा’ हे शब्द जसेच्या तसे बाहेर येतात आणि नमुना दाखवताना सगळं ठीक वाटतं. तिकडे ‘मेळा’चा ‘मळा’ झालेला असतो. ‘कूळ’, ‘केळ’ आणि ‘कळ’ एकच झालेले असतात. सातबाऱ्यावरच्या कुळाबद्दलचा प्रश्न आणि पोटातली कळ मॉडेलला सारखी दिसत असेल, तर त्यात नेटवर्कचा दोष नाही.

उपाय करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मॉडेल मुळात केस्ड, म्हणजे अक्षरं-चिन्हं जशीच्या तशी ठेवणारं असेल आणि फक्त सेटिंग चुकलं असेल तर सेटिंग बदलून भागतं. मॉडेलच अनकेस्ड असेल तर भागत नाही, कारण त्याचा शब्दसाठाच मात्रा काढलेल्या मजकुरावर तयार झालाय. तिथे मॉडेल बदलावं लागतं. बहुभाषिक बर्टच्या मूळ माहितीतच रोमनेतर लिप्यांसाठी केस्ड आवृत्ती वापरा असं लिहिलेलं आहे. मराठीसाठी २०२१मध्ये आलेलं, भारतीय भाषांवर शिकवलेलं म्युरिल किंवा पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाचं महाबर्ट घ्या. जुनं इंडिकबर्ट वापरत असाल तर टोकनायझर उघडताना चिन्हं राखण्याचा पर्याय चालू आहे ना, तेवढं बघा.

टोकन छापलेलेच आहेत तर तुकडेही मोजा. ‘शाळेसमोरच्या’ या शब्दाचे दोन-तीन तुकडे झाले तर हरकत नाही. रोजच्या वापरातल्या साध्या शब्दांचे पाच-सहा तुकडे पडत असतील तर त्या मॉडेलला मराठी पुरेशी माहीत नाही.

२. अक्षरं आतून एकसारखी आहेत का

‘दऱ्या’ पडद्यावर एकच दिसतो, पण संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून पुढे ‘या’. दुसरा, साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग ‘या’. बर्टच्या पद्धतीची सफाई न दिसणारी चिन्हं काढून टाकते. ते चिन्ह गेलं की दुसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो तो असा. लग्नाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना दिलेले पैसे’ याच वाटेने आचार्यांच्या नावावर जातात.

उपाय एका ओळीचा आहे. टोकनायझरच्या आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ हा क्रम जिथे सापडेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घाला. मग सगळा मजकूर यूनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे एकच अक्षर एकाच प्रकारे साठवणाऱ्या प्रमाणित रूपात आणा. ‘ॲप’, ‘ॲक्सिस’सारख्या शब्दांकडेही बघा. सुरुवातीचा ‘ॲ’ लोक तीन-चार प्रकारांनी टंकतात, त्यातला एक निवडून बाकीचे त्यात बदलून घ्या. शिकवण्याच्या मजकुरावर आणि वापरणाऱ्याने टंकलेल्या प्रश्नावर, दोन्हींवर हीच सफाई चालली पाहिजे. एकीकडे केली आणि दुसरीकडे राहिली तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

मजकूर जुन्या डीटीपीतून आला असेल, म्हणजे कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या काळातल्या फॉन्टमधून बदलून घेतलेला असेल, तर शंभरेक ओळी प्रत्यक्ष वाचा. पीडीएफमधून काढलेल्या मजकुरात पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली आढळते. हे दुरुस्त करणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे जाऊ नका.

समाजमाध्यमांवरचा मजकूर असेल तर रोमन लिपीतलं मराठी वेगळं काढा. ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ या चौघांचं रोमन स्पेलिंग एकच होतं. म्युरिलला शिकवताना रोमन लिपीत लिहिलेला भारतीय भाषांचा मजकूरही दिलेला होता, त्यामुळे अशा ठिकाणी आधी ते घेऊन बघावं.

३. जुनी साफसफाई काढून टाका

ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शब्द मोजण्यावर आधारलेल्या जुन्या पद्धतींमध्ये मजकूर आधी सोलून घेत: प्रत्यय काढायचे, शब्द मूळ रूपात आणायचा, ‘आणि’, ‘वर’, ‘तर’ असे शब्द गाळायचे. तो कोड पुढच्या प्रकल्पात तसाच येतो आणि बर्टच्या पुढ्यात जाऊन बसतो. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपल्याकडे अर्थाचा निकाल अनेकदा प्रत्ययाच्या आधीचं सामान्यरूपच लावतं.

‘माळावर गुरं चरत होती’ आणि ‘माळेत एकशे आठ मणी आहेत’. पहिला माळ पुल्लिंगी, म्हणून ‘माळा-’. दुसरी माळ स्त्रीलिंगी, म्हणून ‘माळे-’. नुसतं रूप बघून मराठी माणूस कुठलाही संदर्भ न वाचता सांगेल की पहिलं माळरान आहे आणि दुसरी जपाची माळ. हेच पाहा: ‘नावात काय आहे’ आणि ‘नावेत कोण आहे’. ‘मानाने बोलावलं’ आणि ‘मानेने होकार दिला’. ‘पाठात तीन प्रश्न होते’ आणि ‘पाठीत उसण भरली’. ‘उत्तरात चूक आहे’ आणि ‘उत्तरेत थंडी आहे’. स्टेमरने (प्रत्यय काढणाऱ्या कोडने) हे सगळे माळ, नाव, मान, पाठ, उत्तर असे करून टाकले की व्याकरणाने फुकट दिलेली खूण गेली. मग मॉडेलला तोच अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाजाने काढावा लागतो.

क्रियापदाचंही तसंच. लक्षणांमधली ‘हार स्वीकारला’ आणि ‘हार स्वीकारली’ ही जोडी आठवा. दोन्हींतला फरक शेवटच्या काना-वेलांटीत आहे. क्रियापद ‘स्वीकार’ या मुळावर आणलं की दोन्ही वाक्यं अक्षरशः एकच होतात, आणि मग जगातलं कुठलंही नेटवर्क त्यांना वेगळं करू शकत नाही.

गाळायच्या शब्दांच्या यादीत ‘वर’ असतोच. ‘मुलीसाठी सुयोग्य वर पाहिजे’ या जाहिरातीतून तो गाळला तर मुद्द्याचाच शब्द गेला. ‘कर’ क्रियापद म्हणून यादीत घातला असेल तर मालमत्ता करही जातो.

तेव्हा बर्टसारख्या मॉडेलला वाक्य अख्खं द्या, प्रत्ययांसकट, विरामचिन्हांसकट. त्याचं शिक्षण अख्ख्या वाक्यांवर झालंय. दुसऱ्या तपासणीतलं अक्षरांचं एकसारखेपण राखा, बाकी हात लावू नका. या पायरीनंतर पुन्हा मोजमाप घ्या. बऱ्याच प्रकल्पांचं काम इथेच संपतं.

४. व्हेक्टर नेमका कुठून उचलताय

इथे कोड उघडावा लागतो, तरी खर्च नाही.

दोन वाक्यांतल्या ‘कळ’चे व्हेक्टर अगदी सारखे येत असतील तर तुम्ही फास्टटेक्स्टचा व्हेक्टर घेताय का ते आधी बघा. तसं असेल तर हा दोष नाही, ती त्या साधनाची रचनाच आहे. बर्ट असेल तर थराचा क्रमांक बघा. १२ थरांचं मॉडेल बाहेर १३ संच देतं, आणि शून्य क्रमांकाचा संच हा पहिल्या थराच्याही आधीचा असतो. त्यात शेजाऱ्यांची माहिती अजून मिसळलेली नसते, फक्त शब्द आणि त्याची वाक्यातली जागा असते. शेवटच्या चार थरांची सरासरी ही सुरुवातीला चांगली निवड आहे.

अख्ख्या वाक्याचा, म्हणजे सुरुवातीच्या विशेष टोकनचा व्हेक्टर घेऊन शब्दाच्या अर्थाचा निर्णय करू नका. त्या शब्दाचे जितके तुकडे पडलेत त्या सगळ्यांची सरासरी घ्या. फक्त पहिला तुकडा घेतला तर सामान्यरूपाची खूण ज्यात आहे तो शेवटचा तुकडा थेट हाताला लागत नाही.

उत्तर दर वेळी बदलत असेल तर दोन शक्यता. शिकवून झाल्यावर मॉडेल तपासणीच्या मोडमध्ये आणलं नसेल तर ड्रॉपआउट चालूच राहतो आणि काही जोडण्या दर वेळी नव्याने बंद होतात. किंवा मॉडेल उघडताना ‘काही वजनं (मॉडेलने शिकलेले आकडे) नव्याने भरली’ अशी सूचना आली होती आणि ती कुणी वाचली नाही. तसं असेल तर निर्णय घेणारा वरचा थर अजून काहीच शिकलेला नाही.

लांब मजकुराला ५१२ टोकनांची मर्यादा लक्षात ठेवा. मराठी शब्दांचे तुकडे जास्त पडतात, त्यामुळे ती अपेक्षेपेक्षा लवकर भरते आणि तुमचा शब्द कापल्या गेलेल्या भागात जातो.

५. साम्याचा आकडा ठरावीक धरू नका

‘०.८च्या वर म्हणजे अर्थ एकच’ असा नियम कोडमध्ये लिहिलेला असेल तर काढा. अशा मॉडेलांचे व्हेक्टर अवकाशात सगळीकडे पसरत नाहीत, एका अरुंद पट्ट्यात दाटी करतात. हे २०१९मधल्या संशोधनात दाखवलं गेलंय. म्हणून असंबद्ध शब्दांचंही साम्य जास्त निघतं. तुमच्याच मजकुरातल्या काही हजार शब्दांच्या व्हेक्टरांची सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा करा. आकडे एकदम मोकळे होतात. त्यानंतरही निर्णय तुलनेनेच घ्या: हे वाक्य फुलांच्या ‘हार’च्या उदाहरणांना जास्त जवळ आहे की पराभवाच्या?

६. चाचणीच फसवी आहे का

बातम्यांमध्ये ‘मत’ बहुतांश वेळा मतदानातलं असतं. चाचणीतली ९० टक्के वाक्यं तशी असतील, तर डोळे झाकून दर वेळी ‘मतदान’ म्हणणारा कोडही ९० टक्के अचूक ठरतो. म्हणून आधी हा बिनडोक आकडा काढा आणि मग मॉडेलचा त्याच्याशी ताडून बघा. प्रत्येक अर्थाची अचूकता स्वतंत्रपणे मांडा. ‘माझं मत वेगळं आहे’ यातला ‘मत’ किती वेळा बरोबर येतो, ते कळायला हवं.

महाबर्ट ज्या महाकॉर्पस या मजकूरसंचावर शिकलं त्यात २.४८ कोटी वाक्यं आहेत आणि त्यांत बातम्यांचा वाटा मोठा आहे. तुमचा मजकूर शेतीचा, दवाखान्याचा किंवा नाटकाचा असेल तर बातम्यांतल्या अर्थाकडे कल दिसणारच. ‘अंक’ म्हणजे आकडा, दिवाळी अंक की नाटकाचा दुसरा अंक? तिन्ही पुल्लिंगी, सामान्यरूप तिन्हींचं ‘अंका-’. ‘पान’ही तसंच: झाडाचं, वहीचं, विड्याचं, पंगतीत वाढलेलं, सगळी नपुंसकलिंगी. तिसऱ्या तपासणीतली खूण इथे उपयोगी पडत नाही, संदर्भच लागतो. म्हणून चाचणीत असे शब्द मुद्दाम घाला. प्रत्येक शब्दासाठी वाक्यांच्या जोड्या करा आणि एकच प्रश्न विचारा: दोन्हीकडे अर्थ एक की वेगळा? इंग्रजीसाठी २०१९मध्ये याच पद्धतीचा एक संच तयार झाला. मराठी बोलणाऱ्या दोन माणसांना चहाच्या वेळेत अशा पन्नास जोड्या करता येतात.

७. अर्थांची यादी

इथून पुढे माणसांचा वेळ आणि पैसा लागतो. आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट (शब्दांचे अर्थ वेगवेगळे नोंदणारा संगणकी कोश) हा चांगला पाया आहे. ते हिंदी वर्डनेटच्या आधाराने विस्तारत गेलंय, तेव्हा तुमच्या कामातला खास मराठी वापर तिथे स्वतंत्र नोंदलाय का ते बघून घ्या.

यादी ठरली की दोन माणसांना एकमेकांचं न बघता तीच शंभर वाक्यं द्या. दोघांचंच जमत नसेल तर अर्थ फार बारीक कापले आहेत. माणसांना न दिसणारा फरक मॉडेलने दाखवावा ही अपेक्षा धरू नका. असे अर्थ एकत्र करा. तक्रारींच्या चॅटबॉटला ‘कळ’चे दुखणं, बटण आणि ‘कळणे’ एवढे अर्थ पुरतात.

८. फाइन-ट्यूनिंग (तयार मॉडेल आपल्या कामासाठी आणखी शिकवणं), सगळ्यात शेवटी

वाक्य आणि अर्थाची व्याख्या एकत्र देऊन ‘जुळतं की नाही’ एवढंच विचारायचं, ही २०१९च्या ग्लॉसबर्टची पद्धत मराठीसाठी मला सोयीची वाटते. नवा अर्थ वाढला तर नुसती व्याख्या वाढवून सुरुवात करता येते. इंग्रजीत सेमकॉर या एकाच संचात अर्थ नोंदलेले सव्वादोन लाखांहून जास्त शब्द आहेत. मराठीत तेवढी चैन नाही, म्हणून क्षेत्र लहान ठेवा. एका क्षेत्रात बहुतेक शब्दांचे एक-दोनच अर्थ चालतात, त्यामुळे थोड्या वाक्यांतही काम पुढे सरकतं.

कुठे थांबायचं

पहिल्या सहा तपासण्या झाल्या, जोड्यांच्या चाचणीत मॉडेल तरीही बिनडोक आकड्याच्या पुढे जात नाही, तर एकट्याने झगडू नका. दोष मॉडेलच्या मूळ शिक्षणात असेल तर तुमच्या क्षेत्राच्या मजकुरावर ते शिक्षण पुढे चालू ठेवावं लागतं. त्याला जीपीयूचं (मॉडेल शिकवायला लागणाऱ्या वेगवान चिपचं) भाडं लागतं आणि ते काम आधी केलेला माणूस लागतो. अनुभव नसताना ते सुरू केलं तर मॉडेल आधीचं शिकलेलंही विसरू शकतं.

सातव्या तपासणीत दोन माणसांचं एकमत होत नसेल तर इंजिनियरला नको, भाषाशास्त्र शिकलेल्याला किंवा कोशाचं काम केलेल्याला बोलवा. बोलीतला मजकूर असेल, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, तर ती बोली घरात बोलणारा माणूस हवाच.

आणि जिथे चुकलेल्या अर्थाने कुणाचं नुकसान होऊ शकतं तिथे मॉडेलला शेवटचा शब्द देऊच नका. ‘छातीत कळ येतेय’ असा संदेश आला तर तो सरळ माणसाकडे गेला पाहिजे, मॉडेलला खात्री असो वा नसो. कूळकायद्याची कागदपत्रं, पोलिसांतली फिर्याद, औषधांच्या सूचना यांनाही हेच लागू.

तज्ज्ञाकडे जाताना सोबत एवढं न्या: चुकलेली वीसेक वाक्यं जशी टंकली होती तशी, त्यांचे छापलेले टोकन, मॉडेलचं आणि टोकनायझरचं पूर्ण नाव, सेटिंग, बिनडोक आकडा आणि अर्थागणिक अचूकता. वाक्यं मजकूर म्हणूनच द्या, स्क्रीनशॉट देऊ नका. चित्रात जॉइनर दिसत नाही.